अंगदुखीची गोळी मागण्यापूर्वी

‘अंगदुखीच्या दोन गोळ्या द्या’ हे वाक्य मेडिकलच्या काऊंटरवर दिवसभर ऐकू येतं. मागणारा माणूस पन्नाशी-साठीचा असेल तर माझा प्रश्न ठरलेला असतो : ‘काका, रोजची कुठली गोळी चालू आहे का?’ उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असंच येतं. मग बीपीची, शुगरची, कोलेस्टेरॉलची असं एकेक विचारत गेलं की ‘हां, ती रात्रीची एक आहे, पण ती रोजचीच’ असं कळतं. वर्षानुवर्षं घेतलेली गोळी औषध वाटेनाशी होते. त्या रात्रीच्या गोळीसोबत आपण आपल्या मनानं जी वेदनाशामकं घेतो, त्यांच्याबद्दल फार्मासिस्ट म्हणून मला काही सांगायचं आहे.

कोलेस्टेरॉलसाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांत सर्वांत मोठा वाटा स्टॅटिन गटाचा. आपल्याकडे अटोर्वास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिन ही दोन नेहमीची. ॲटोर्वा, स्टोर्वास, रोसुवास अशा नावांनी ती तुमच्या घरात असतील. यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या एका एन्झाइमला ही औषधं अडवतात. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एन्डो यांनी १९७०च्या दशकात बुरशीतून या गटातलं पहिलं रसायन वेगळं केलं आणि १९८७ मध्ये अमेरिकेत लोव्हास्टॅटिन हे पहिलं स्टॅटिन वापरात आलं. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात टाळण्यात इतका भक्कम पुरावा असलेली औषधं फार थोडी आहेत. म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. हा लेख वाचून कुणीही आपली कोलेस्टेरॉलची गोळी बंद करू नये.

आता मूळ प्रश्न. स्टॅटिन चालू असताना वेदनाशामक चालतं का? पॅरासिटामॉल चालतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांचाही नेहमीच्या स्टॅटिनशी थेट असा मोठा विरोध नाही. इथपर्यंत वाचून बरेच जण निर्धास्त होतात आणि खरा धोका इथेच नजरेआड होतो. स्टॅटिन दिलं जातं कुणाला? ज्याला झटका येऊन गेलाय, ज्याची अँजिओप्लास्टी झालीय, ज्याला मधुमेह आहे, बीपी आहे, किंवा ज्याला पुढे हृदयविकार होण्याची शक्यता बरीच आहे, अशा माणसाला. आणि वेदनाशामकांचा सगळ्यात जास्त त्रास होतो तोही याच माणसाला. त्यामुळे ‘या दोन गोळ्या एकत्र चालतात का’ एवढं विचारून भागत नाही. आपल्याला स्टॅटिन कशासाठी दिलंय आणि त्याच्याबरोबर आणखी काय काय चालू आहे, हे आधी पाहावं लागतं.

पॅरासिटामॉल : पहिली निवड, पण मोजून

साधी डोकेदुखी, अंगदुखी, ताप यांना स्टॅटिन घेणाऱ्यानं पॅरासिटामॉलच घ्यावं. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो ही सगळी तीच. ६५० मिलिग्रॅमची एक गोळी, सहा तासांच्या अंतरानं, दिवसात फार तर चार, हा हिशेब लक्षात ठेवायला सोपा आणि सुरक्षित आहे. निरोगी प्रौढ माणसासाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही वरची मर्यादा मानली जाते. डॉक्टरांना न विचारता तिच्या जवळपासही जाऊ नये. रोज दारू घेणाऱ्यांनी, यकृताचा आजार असलेल्यांनी आणि अगदी कृश प्रकृतीच्या वृद्धांनी आपली मर्यादा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. यकृताला धोका असतो तो जास्तीच्या पॅरासिटामॉलचा. ठरलेल्या मात्रेत ते स्टॅटिनसोबत घेतल्यानं यकृत बिघडतं, ही भीती अनाठायी आहे.

गडबड होते ती मोजण्यात. पावसाळ्यातलं एक नेहमीचं चित्र पाहा. तापासाठी दिवसात डोलो ६५० च्या चार गोळ्या : २६०० मिलिग्रॅम. नाक वाहतंय म्हणून सिनारेस्टच्या तीन, प्रत्येकीत ५०० : आणखी १५००. पाठ दुखतेय म्हणून कॉम्बिफ्लामच्या दोन, प्रत्येकीत ३२५ : आणखी ६५०. बेरीज ४७५० मिलिग्रॅम. एकही गोळी त्या माणसानं ‘जास्त’ घेतलेली नाही, तरी मर्यादा ओलांडली गेली. सॅरिडॉनमध्ये, डी-कोल्डमध्ये, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या झेरोडॉल-पीमध्येही पॅरासिटामॉल असतं. स्ट्रिपच्या मागच्या चंदेरी बाजूला बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात. चष्मा लावून ते एकदा वाचा, नाहीतर मोबाइलनं फोटो काढून मोठे करून पाहा. दोन स्ट्रिपांवर पॅरासिटामॉल दिसलं तर त्यातली एकच घ्यायची.

पॅरासिटामॉल निरुपद्रवी आहे म्हणून गुडघेदुखीसाठी महिनोन्महिने रोज घेणारेही भेटतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एडिंबरोच्या अभ्यासात, बीपीच्या रुग्णांना रोज ४ ग्रॅम पॅरासिटामॉल दिल्यावर वरचं बीपी सरासरी ५ अंकांनी वाढलेलं आढळलं. दोन-चार दिवसांच्या तापाला याची काळजी नको. रोजची सवय असेल तर मात्र डॉक्टरांच्या कानावर घाला.

‘जोरदार’ गोळी आणि हृदय

काऊंटरवर ‘जरा जोरदार द्या’ असं म्हटलं जातं तेव्हा बहुधा दुसऱ्या गटातलं औषध मागितलेलं असतं : आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन, नायमेसुलाइड. सूज उतरवणारी ही वेदनाशामकं. ती गुणकारी आहेत यात शंका नाही. पण ज्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांना रोखून ती दुखणं थांबवतात, तीच द्रव्यं जठराच्या अस्तराचं संरक्षण करतात, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखतात आणि रक्तवाहिन्यांत गुठळी होण्याचा तोल सांभाळतात. दुखणं थांबतं तेव्हा ही कामंही मंदावतात.

२००४ मध्ये रोफेकॉक्सिब हे याच घराण्यातलं औषध हृदयविकाराचे झटके वाढल्याचं दिसल्यावर जगभरातून मागे घेतलं गेलं. त्यानंतर बाकीच्या औषधांकडेही बारकाईनं पाहिलं गेलं. २०१३ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी सांगितलं की ज्यांना हृदयविकार आहे, पक्षाघात होऊन गेला आहे किंवा पायाच्या रक्तवाहिन्या आक्रसल्या आहेत, अशांना डायक्लोफिनॅक देऊ नये. २०१५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं ॲस्पिरिन सोडून या गटातल्या सगळ्या औषधांवरचा इशारा आणखी कडक केला : धोका पहिल्या काही आठवड्यांतच सुरू होऊ शकतो, मात्रा आणि दिवस वाढतील तसा तो वाढतो, आणि आधीच हृदयविकार असलेल्यांना तो अधिक असतो.

आणि आपल्याकडे सगळ्यांत सहज मिळणारी ‘जोरदार’ गोळी डायक्लोफिनॅकच आहे. व्होवेरानचं नाव ठाऊक नाही असं घर विरळा. गावाकडे तर ‘डॉक्टर, एक सुई मारा म्हणजे मोकळा होतो’ म्हणून घेतलेलं इंजेक्शनही पुष्कळदा तेच असतं. कायद्यानं ते शेड्यूल एचमधलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही असं औषध आहे. स्ट्रिपवर तसं छापलेलंही असतं. तरी ते मागितलं जातं आणि दिलं जातं, हे आमच्या व्यवसायाचं उणं आहे आणि ते आम्हीच भरून काढायला हवं. तुमच्याकडून एवढीच अपेक्षा : फार्मासिस्टनं ‘चिठ्ठी आणा’ म्हटलं तर रागावून शेजारच्या दुकानात जाऊ नका.

नायमेसुलाइडबद्दल माझं मत स्पष्ट आहे. यकृताला होणाऱ्या इजेमुळे फिनलंड आणि स्पेननं २००२ मध्येच ते थांबवलं. भारतात २०११ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांसाठी त्यावर बंदी आली. दुखण्यावर इतके पर्याय असताना स्टॅटिन घेणाऱ्या माणसानं ते मागूच नये.

मग गुडघा धरलाय, कंबर लचकलीय आणि पॅरासिटामॉलनं भागत नाही तेव्हा काय करायचं? झटका, पक्षाघात, हृदयाची अशक्तता, मूत्रपिंडाचा आजार किंवा अल्सर यांपैकी काहीही होऊन गेलं असेल तर आयब्युप्रोफेनची एक गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. यातलं काहीच नसेल, स्टॅटिन फक्त रिपोर्टमधलं कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून चालू असेल, तर कमीत कमी मात्रा, जेवणानंतर, दोन-तीन दिवस. त्यापुढे दुखत राहिलं तर तपासणी हवी. पण गोळी घेण्याआधी लावण्याचं औषध वापरून पाहा. डायक्लोफिनॅकचं जेल एखाद्या सांध्यावर लावलं तर गोळीच्या मानानं सुमारे ६ टक्केच औषध रक्तात पोहोचतं. गुडघ्याच्या दुखण्याला ते बरंच उपयोगी पडतं. फक्त जेल लावून वर पुन्हा तीच गोळी घेऊ नका, आणि रक्त पातळ करण्यासाठी वॉरफेरिन चालू असेल तर विंटरग्रीनच्या तेलाचे, म्हणजे मिथाइल सॅलिसिलेट असलेले बाम फार चोळू नका.

गोळीत लपलेलं ॲस्पिरिन

काही कोलेस्टेरॉलच्या कॅप्सूलमध्ये दोन किंवा तीन औषधं एकत्र असतात. इकोस्प्रिन-एव्हीमध्ये ॲस्पिरिन आणि अटोर्वास्टॅटिन असतं. इकोस्प्रिन गोल्डमध्ये त्यांच्या जोडीला क्लोपिडोग्रेलही. घेणारा मात्र तिला ‘हृदयाची गोळी’ एवढंच म्हणतो. या माणसानं वर डिस्प्रिन (म्हणजे ॲस्पिरिनच) किंवा ब्रुफेन (म्हणजे आयब्युप्रोफेन) घेतली तर जठरातून रक्तस्राव होण्याची शक्यता चांगलीच वाढते. शौचाला डांबरासारखं काळं होणं, घेरी येणं ही त्याची लक्षणं आहेत. अशा वेळी घरी थांबू नये.

आणखी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. आयब्युप्रोफेन ॲस्पिरिनची जागा अडवतं. ॲस्पिरिनला रक्तातल्या प्लेटलेटवर जिथे जाऊन चिकटायचं असतं तिथे आयब्युप्रोफेन आधी बसलेलं असेल तर ॲस्पिरिनचं काम होत नाही. म्हणजे गुठळी होऊ नये म्हणून घेतलेली रोजची गोळी त्या दिवशी निष्फळ ठरू शकते. साध्या, लगेच विरघळणाऱ्या ॲस्पिरिनबाबत एफडीएचा सल्ला असा : आयब्युप्रोफेन ॲस्पिरिननंतर किमान अर्ध्या तासानं किंवा ॲस्पिरिनच्या आठ तासांहून अधिक आधी घ्यावं. पण आपल्याकडच्या रोजच्या बहुतेक ॲस्पिरिनवर आतड्यात विरघळणारं आवरण असतं, त्यामुळे वेळेचा हा हिशेब तिथे भरवशाचा नाही. स्टेंट बसवलेल्यांनी आयब्युप्रोफेन टाळावं हेच बरं.

मूत्रपिंडाचं गणित

बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल, त्यात लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं, आणि वरून डायक्लोफिनॅक. या तिघांची गाठ पडली की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा एकदम घटू शकतो. टेल्मा-एचसारख्या एकाच गोळीत पहिली दोन आधीच असतात, त्यामुळे आपण तिसरं औषध वर टाकतोय हे लक्षातही येत नाही. त्यात उन्हाळा असेल, जुलाब-उलट्या झाल्या असतील, पाणी कमी पडलं असेल तर धोका आणखी वाढतो. आषाढी वारीत रोज मैलोन्‌मैल चालणाऱ्या साठीच्या माणसाची अवस्था नेमकी हीच असते : घाम, अपुरं पाणी, दुखणारे पाय आणि खिशात ‘कुणीतरी दिलेली’ गोळी. चालणाऱ्यांनी पॅरासिटामॉल बरोबर न्यावं, आपल्या रोजच्या गोळ्यांची यादी पाकिटात ठेवावी आणि वाटेतल्या वैद्यकीय मदत केंद्रात ती आधी दाखवावी.

इथे स्टॅटिनशीही संबंध येतो. मूत्रपिंड फार मंदावलं तर रोसुवास्टॅटिन शरीरात साचू लागतं. अशा रुग्णांना ते १० मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. म्हणजे वेदनाशामकानं स्टॅटिनला थेट हात लावला नाही तरी मूत्रपिंडाच्या वाटेनं तो लागतोच. गोळ्यांनी पित्त झालं म्हणून जेल्युसिल किंवा डायजिन घेणाऱ्यांनी आणखी एवढं पाहावं. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अँटासिड रोसुवास्टॅटिनबरोबरच घेतलं तर रक्तातलं रोसुवास्टॅटिन निम्म्यावर येतं. आधी रोसुवास्टॅटिन, दोन तासांनी अँटासिड.

दुखणं गोळीचंच असेल तर

काही वेळा ज्या दुखण्यासाठी वेदनाशामक मागितलं जातं, ते दुखणं स्टॅटिनमुळेच आलेलं असू शकतं. असं दुखणं ओळखायला काही खुणा आहेत. ते सांध्यात नसून स्नायूत असतं. दोन्ही बाजूंना सारखं असतं. मांड्या, पोटऱ्या, नितंब, खांदे भरून येतात, जिना चढताना किंवा पाटावरून उठताना पाय साथ देत नाहीत. गोळी सुरू केल्यावर किंवा तिची मात्रा वाढवल्यावर काही आठवड्यांत ते जाणवू लागतं. एकाच गुडघ्याचं दुखणं, मान अवघडणं, एका खांद्यातली कळ यांचा दोष स्टॅटिनवर टाकता येत नाही.

आणि तरीही या दुखण्याबद्दलची भीती प्रमाणाबाहेर आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला एक ब्रिटिश अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. स्टॅटिन सोसत नाही म्हणून ते सोडून दिलेल्या ६० जणांना वर्षभर आळीपाळीनं काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी रिकामी गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं देण्यात आलं. कुठल्या महिन्यात कोणती गोळी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्रासाची नोंद रोज मोबाइलवर करायची होती. स्टॅटिनच्या महिन्यांत जेवढा जास्तीचा त्रास नोंदला गेला, त्याच्या ९० टक्के त्रास रिकाम्या गोळीच्या महिन्यांतही नोंदला गेला. त्यांचं दुखणं खोटं होतं असा याचा अर्थ नाही. ते बहुतांशी औषधातल्या रसायनामुळे नव्हतं एवढाच अर्थ. नंतर त्यांतल्या निम्म्या लोकांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केलं.

पण उरलेल्या थोड्यांचं दुखणं खरोखर औषधाचं असतं, आणि म्हणून स्नायूदुखीवर आपल्या मनानं रोज वेदनाशामक घेत राहणं चूक आहे. त्यानं खूण झाकली जाते. डॉक्टरांना सांगितलंत तर ते रक्तातलं सीके हे स्नायूंचं एन्झाइम तपासतील, थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व पाहतील. थायरॉइड मंद असेल तर स्नायू दुखतात आणि कोलेस्टेरॉलही वाढतं, हे विसरून चालत नाही. गरज पडली तर ते गोळी काही आठवडे थांबवतील, मात्रा कमी करतील, दुसरं स्टॅटिन देतील किंवा एझेटिमाइबसारखं वेगळं औषध जोडतील. वाटा पुष्कळ आहेत. आपणच गोळी सोडून देणं ही त्यांतली वाट नव्हे.

स्नायू विरघळण्याचा गंभीर प्रकार फार विरळा, पण त्याची ओळख प्रत्येकाला हवी : स्नायू प्रचंड दुखतात, अंगात त्राण राहत नाही आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होते. हे दिसलं की स्टॅटिनची पुढची गोळी न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. याची शक्यता काही औषधांच्या संगतीत वाढते, आणि ती संगत अनेकदा दुसऱ्याच कुठल्या दुखण्याच्या निमित्तानं येते. नायट्यासाठी दिलेलं इट्राकोनाझोल, घशासाठी दिलेलं क्लॅरिथ्रोमायसिन ही अटोर्वास्टॅटिनची पातळी वाढवतात. गाउटनं अंगठा सुजला की दिलं जाणारं कोल्चिसिन स्वतःच स्नायूंना जड जाऊ शकतं. त्वचेच्या डॉक्टरांना, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना, सगळ्यांनाच कोलेस्टेरॉलच्या गोळीचं नाव सांगावं ते यासाठी. सांधेदुखीवर ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून मिळणाऱ्या, लेबल नसलेल्या पुड्याही टाळा. त्यांत स्टिरॉइड किंवा डायक्लोफिनॅक मिसळलेलं असल्याचं वेळोवेळी आढळलं आहे. ज्या पुडीनं एका रात्रीत गुडघा मोकळा होतो, तिचा तर संशय घ्यावाच.

पावसाळ्यातला ताप हा वेगळा धडा. जून ते नोव्हेंबर आपल्याकडे डेंग्यू, चिकुनगुन्या, आणि कोकणात, मुंबईत लेप्टोही असतो. निदान होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. डेंग्यूत प्लेटलेट घसरत असताना आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा दुखण्यासाठी घेतलेलं ॲस्पिरिन रक्तस्राव वाढवू शकतं. रोजचं ॲस्पिरिन चालू असेल तर ते ठेवायचं की थांबवायचं, हे पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. स्टेंट असेल तर ते स्वतः बंद करू नका. ताप फार चढला, खाणंपिणं सुटलं, लघवी कमी झाली तर स्टॅटिन काही दिवस थांबवायचं का, हेही त्याच भेटीत विचारा. चिकुनगुन्यानंतर सांधे महिनोन्महिने धरतात आणि रोज एक ‘जोरदार’ गोळी हा घराघरातला रिवाज होऊन बसतो. स्टॅटिन, बीपी आणि शुगरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी या रिवाजात पडू नये. त्यांच्यासाठी शेक, जेल, फिजिओथेरपी आणि डॉक्टरांनी आखून दिलेला उपचार हाच मार्ग आहे.

घरी आजच एक काम करता येईल. सगळ्या चालू गोळ्यांच्या स्ट्रिपा पुढून-मागून टेबलावर मांडा आणि त्यांचा एक फोटो काढा. तो तुमच्या मोबाइलमध्ये असू द्या आणि मुलाच्या, सुनेच्या मोबाइलमध्येही. मेडिकलमध्ये काहीही मागताना तो फोटो पुढे करा. फार्मासिस्टला यानं मुळीच त्रास होत नाही. तुम्हाला काय चालेल हे तपासून सांगणं त्याचं कामच आहे आणि त्याचे पैसेही पडत नाहीत.

शेवटचं सांगणं सगळ्यात महत्त्वाचं आहे. स्टॅटिन घेणाऱ्या माणसाचा डावा हात, जबडा, दोन खांद्यांच्या मधली पाठ किंवा छातीचा मध्यभाग दुखू लागला, सोबत घाम फुटला, दम लागला, मळमळलं, तर ते गॅस किंवा अंगदुखी धरून चालू नका. मधुमेह्यांना आणि स्त्रियांना तर छातीत न दुखताही नुसता थकवा आणि घाम एवढ्यावरच झटका येऊ शकतो. अशा वेळी वेदनाशामक घेऊन पडून राहू नका, स्वतः गाडी चालवत निघू नका. १०८ ला फोन करा आणि रुग्णालयात जाऊन आधी ईसीजी काढून घ्या.